सवय क्रमांक सात

अक्षदा ही आमच्या शाळेतली सगळ्यात एकाग्र मुलगी होती. हे माझं मत नाही. मतं देणं मी कारखान्याबरोबरच सोडलं. हे संगणकाचं म्हणणं होतं. दहावीच्या वर्गात सदतीस मुलं. रोज संध्याकाळी माझ्यासमोर त्यांची यादी यायची आणि तिच्यात सगळ्यात वर तिचं नाव असायचं : एकाग्रता अठ्ठ्याण्णव टक्के. दुसऱ्या नंबरावरचा सुजित एकाहत्तरवर होता, आणि तोही डोळे उघडे ठेवून झोपतो असा आम्हाला संशय होता.

शाळा ऑनलाइन. म्हणजे इमारत नाही, घंटा नाही, डबा नाही. मुलं घरी बसून शिकायची आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा बाहेरून द्यायची. ऑफिस चिखलोलीला, एका नव्या टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये. शाळेचा मालक जितेश, वय एकतीस. तो हॉलमध्ये बसायचा, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मी : हेमचंद्र, वय चौपन्न, हुद्दा 'अभ्यास-सवय मार्गदर्शक'. त्याआधी बावीस वर्षं मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटीला होतो. ड्रम तपासायचा, हिरवं लेबल लावायचं. कंपनी बंद झाली. ड्रमांच्या जागी मुलं आली. जितेशला वाटलं कामात फार फरक नाही. मलाही तसंच वाटलं.

पहिल्याच महिन्यात मी 'अभ्यासाच्या एकवीस सवयी' नावाची पुस्तिका लिहिली. रोज एकाच जागी बसा. रोज एकाच वेळी बसा. पाठीमागे भिंत असू द्या. मोबाइलवर वर्ग असेल तर तो डोळ्यांच्या उंचीला टांगा. सगळं कुठं ना कुठं छापून आलेलं होतं. सातवी सवय मात्र माझी स्वतःची : 'हात रिकामे ठेवू नका. रिकामा हात स्क्रीनकडे जातो.' कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये मी पाहिलं होतं, रात्रपाळीला ज्याच्या हातात काही चाळा असतो तो झोपत नाही. मुलांसाठी मी रबरी चेंडू सुचवला होता. चेंडू नसेल तर 'घरातली कोणतीही सोयीची वस्तू' असं पुढे लिहिलं. ते तीन-चार शब्द मी का घातले, आता आठवत नाही. वाक्य जरा भरल्यासारखं वाटलं असेल.

एकाग्रता कशी मोजायची ते जितेशच्या सॉफ्टवेअरला ठाऊक होतं. चेहरा चौकटीत आहे का, नजर समोर आहे का, मूल हललं किती, दुसरं ॲप उघडलं का. सहभाग वेगळा मोजला जायचा : कॅमेऱ्यात हात वर गेलेला दिसला की एक गुण, आणि स्क्रीनवर चांदण्या पडायच्या. अक्षदाचा सहभाग वर्षभर शून्य होता. चौकटीत तिचा चेहरा दिसायचा, गळ्यापर्यंत. हात कधी दिसले नाहीत. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की आदर्श विद्यार्थिनीला शंका नसतात.

जानेवारीत जितेश म्हणाला, "हेम सर, ह्या मुलीचा व्हिडिओ पाहिजे. घर, तिची जागा, आईवडील. नेक्स्ट इयरच्या ॲडमिशनला हीच चालवायची."

म्हणून मी उल्हासनगरला गेलो.

घर शहाडच्या बाजूला, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर. खाली जीन्स शिवायचे दोन गाळे, मशिनी सुरू. जिना लोखंडी आणि उभा. वर एकच खोली, आणि त्या खोलीच्या एका कोपऱ्यात माझी पुस्तिका अक्षरशः उभी होती. पाठीमागे भिंत. समोर खिळ्याला टांगलेला मोबाइल, बरोबर डोळ्यांच्या उंचीला. भिंतीवर वेळापत्रक आणि एकवीस सवयींचा तक्ता, प्रत्येक दिवसापुढे वडिलांची सही. मी स्वतःच्या घरीसुद्धा माझं ऐकलेलं पाहिलं नव्हतं. माझी बायको उमा त्या पुस्तिकेवर कढईचं झाकण ठेवते.

वर्ग चालू होता. अक्षदा माझ्याकडे न बघता नुसती मान हलवून नमस्कार म्हणाली. तिच्या मांडीवर जीन्स होती. डावीकडे ढीग, उजवीकडे ढीग. हातात छोटा कटर. ती जीन्सच्या शिलाईवरून बोटं फिरवत होती, सुटा धागा लागला की कापत होती आणि खाली न बघता पँट पलीकडे टाकत होती. नजर समोर. मान स्थिर. चेहरा चौकटीत.

"बघा सर," तिचे वडील बाळाजी म्हणाले. ते खालच्याच गाळ्यात ओव्हरलॉक मशीनवर होते, माझ्यासाठी तेवढ्यापुरते वर आले होते. "तुमची सात नंबरची सवय. हात रिकामा नाय ठेवत पोरगी."

"मी चेंडू म्हटलं होतं," मी म्हणालो.

"चेंडू कुठं सर आमच्यात! सोयीची वस्तू लिवलं होतं ना तुम्ही? मी पोरीकडूनच वाचून घेतलं. म्हटलं, सोयीची म्हंजे हीच." ते मनापासून हसले. "आधी साठ-पासष्ट यायचे. धागा कटिंग धरलं आन् थेट अठ्ठ्याण्णव. एवढा फरक! मी सगळ्यांना सांगतो, सरांचं ऐका."

तिची आई विठा दाराशी बसून तेच काम करत होती, फक्त तिला कुणी टक्के देत नव्हतं. ती म्हणाली, "आधी खाली बघायची सारखी. मग तो मोबाइल ओरडायचा, लक्ष द्या, लक्ष द्या. आता न बघता करती. महिनाभर लागला शिकायला."

तो महिना बोटांवर दिसत होता. दोन बोटांना पट्ट्या होत्या. बाकीची निळी होती. न धुतलेल्या जीन्सचा रंग सुटतो, नखांच्या कडेला बसतो आणि साबणाला दाद देत नाही.

वर्ग संपला. मी क्वालिटीचा माणूस, नमुना तपासायची सवय जात नाही. विचारलं, "आता काय शिकवलं?"

"विज्ञान."

"त्यात काय?"

तिने मान वळवून भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बेचाळीस पीस झाले."

बाळाजींना ते उत्तर आवडलं. विठालाही. तेवढ्यात जिन्यावरून नवा गठ्ठा आला, त्याच्या मागोमाग द्रौपदीताई. गल्लीत घरोघर काम वाटायचं आणि संध्याकाळी गोळा करायचं, हा त्यांचा धंदा. गठ्ठा टेकवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेच का ते सर? अहो, तुमच्या शाळेच्या पोरी एकदम फिक्स! दुसऱ्यांचं काय, आज बसतील, उद्या नाही. ह्यांचं टायमाला बसायचं म्हणजे बसायचं. इतिहासाला तर पन्नास-पन्नास पीस निघतात."

"इतिहासाला का?"

"वहीत उतरवायला नाय लागत ना. गणितात माल कमी. गणित कमी करा थोडं, सर."

त्यांनी विनोद केला असं समजून मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

व्हिडिओ मी घेतला. गळ्यापर्यंत.

रिक्षापर्यंत सोडायला अक्षदा आली. जिन्याच्या तळाशी गाळ्याचा एक पंखा बंद पडलेला होता. जाता जाता तिने स्टुलावर चढून त्याची वायर पिळली, तो सुरू झाला, आणि आतून कुणीतरी ओरडलं, "थँक्यू, इंजिनियर!" तिने वळूनही पाहिलं नाही.

"तुला येतं हे?"

"एवढं येतं सर. पुढचं आयटीआयला शिकणार. इलेक्ट्रिशियन." मग ती घाईघाईने बोलायला लागली, आधीपासून पाठ केल्यासारखं. "सर, पप्पांनी बोललंय, दहावी पास झाली तर आयटीआय. नापास झाली तर खाली, त्यांच्या बाजूच्या मशीनवर. ते शब्दाचे पक्के आहेत. दोन्हीकडून."

"मग अभ्यास कर."

"कधी करू? तुम्ही सांगा ना, तुम्हाला सवयी माहीत आहेत." तिने हे टोमणा म्हणून नाही, चौकशी म्हणून विचारलं. "वर्गात कान असतात सर माझे. पण डोकं बोटांत असतं. कट होऊ नये म्हणून. वर्ग संपला की परत पीस. पप्पांना बोलले, मला काही कळत नाही. ते बोलतात, खोटं बोलू नको, अठ्ठ्याण्णव आहे. त्यांना वाचता नाही येत सर, आकडा येतो. आकड्यावर लई विश्वास आहे त्यांचा."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"सर, माझा स्कोअर कमी करा."

चौपन्न वर्षांच्या आयुष्यात गुण वाढवून मागणारे मला भरपूर भेटले होते.

"चाळीस करा. पस्तीस केलं तरी चालेल. पप्पा लगेच काम बंद करतील. ते तसे नाहीत सर. त्यांना वाटतंय कामानेच चांगलं चाललंय."

"तुझी आई?"

"मम्मी पप्पांचं बघते. पप्पा आकडा बघतात. तुम्ही फक्त आकडा बघा."

करतो म्हणालो. आकडा बदलायचा अधिकार मला होता. नेट गेलं, मोबाइल पडला, तर हाताने दुरुस्ती करायची म्हणून एक खिडकी दिलेली होती. दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकी मी उघडली. अक्षदा, एकाग्रता, ९८. खोडलं. ४० लिहिलं. तेवढ्यात पाठीमागून जितेशने स्टीलच्या ग्लासात चहा ठेवला.

"सर, काय करताय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, निळी बोटंसुद्धा. जितेशने ऐकून घेतलं. तो वाईट मुलगा नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्याचं तोंड पडलं, दोन मिनिटं त्याने चहाला हात लावला नाही.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "पण सर, रविवारी बदलापूरला हॉल बुक आहे. बॅनर छापून आलाय. तिचा फोटो, खाली अठ्ठ्याण्णव टक्के. तीनशे पालक येणार. त्यांच्या फोनवर ती चाळीस दिसली तर? रविवार होऊ द्या. सोमवारी करा, मी नाही अडवणार."

पाच दिवसांचा तर प्रश्न होता. मी ४० खोडून ९८ लिहिलं. यंत्राने विचारलं : 'बदल जतन करायचा?' मी हो म्हणालो, आणि चहा प्यायलो.

रविवारी बदलापूरच्या हॉलमध्ये अक्षदाला 'सर्वोत्तम अभ्यास-सवय' प्रमाणपत्र मिळालं. ते मीच दिलं. ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून आली होती, आणि प्रमाणपत्र घेताना बोटं ओढणीखाली ठेवली होती. बाळाजी इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत. त्यांना चार शब्द बोलायला लावलं. ते म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला कशात अठ्ठ्याण्णव नाय पडले." टाळ्या थांबेनात. तिसऱ्या रांगेत द्रौपदीताई होत्या. कार्यक्रमानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत, पालकांकडे गेल्या. एकेकीला बाजूला घेऊन बोलत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "सर, नववीचा टाइमटेबल ग्रुपवर टाका ना. मला ॲड करा. पोरींची सोय बघायला बरं पडतं."

मी त्यांना ॲड केलं नाही. दुसऱ्या कुणीतरी केलं.

अक्षदा जिन्यात भेटली. "सोमवारी ना सर?"

"सोमवारी."

सोमवारी चौऱ्याहत्तर ॲडमिशनांची चौकशी आली. त्यातले निम्मे लोक विचारत होते, ती अठ्ठ्याण्णववाली आजही तशीच आहे का? जितेश त्यांना यादी उघडून दाखवत होता. मी ओट्यापाशी बसून होतो. मंगळवारी मी बाळाजींना फोन केला. म्हटलं, आकड्याला हात न लावता सांगून बघू.

"बाळाजी, परीक्षा जवळ आली. हातातलं काम थोडं कमी करता का?"

"का सर? टक्के घसरले?"

"तसं नाही."

"किती आहेत?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "अठ्ठ्याण्णव."

"मग?" फोनमागे मशिनी घरघरत होत्या. "सर, चांगलं चाललेलं कशाला मोडायचं? तुम्हीच लिवलंय, सवयीत खंड पडू देऊ नका. एकोणीस नंबर."

ते होतंच म्हणा. मी फोन ठेवला. नंतर तिची आठवण झाली की मी ती खिडकी उघडायचो आणि बंद करायचो. फेब्रुवारीत बंद करायची सवय जास्त लागली. सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, हेही मीच लिहिलंय.

मे महिन्यात निकाल लागला. मराठी छप्पन्न, इतिहास एकसष्ट. विज्ञान एकोणीस. गणित बावीस.

तिसऱ्या दिवशी बाळाजी चिखलोलीला आले. खिशात घडी घातलेला निकाल, प्लास्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्र. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. ते चिडलेले नव्हते. दुकानात बदलून आलेली वस्तू परत करायला यावं तसे आले होते.

"सर, बोर्डाची चूक झालीया. एवढं लक्ष देणारी पोरगी बावीसवर कशी येईल? पेपर पुन्हा तपासायचा फॉर्म भरू. तुम्ही नुसती सही द्या, की ही पोरगी अठ्ठ्याण्णवची आहे."

जितेश हॉलमध्ये फोनवर बोलायला लागला. फोन आलेला नव्हता.

"बाळाजी," मी म्हणालो, "बोर्डाचं बरोबर आहे."

"मग तुमचं?"

मी त्यांना सांगितलं की आमचा आकडा चेहऱ्याचा होता. चेहरा कुठं आहे एवढंच यंत्र बघतं. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. आणि हे तिला जानेवारीतच कळलं होतं, ती मला म्हणाली होती, चाळीस करा. मी केलं नाही.

बाळाजींनी प्रमाणपत्र जवळ ओढलं. त्यावरचा अठ्ठ्याण्णवचा आकडा तेवढा त्यांना वाचता येत होता.

"मला पण बोलली होती," ते म्हणाले. "की कळत नाय म्हणून. मी एक ठेवून दिली सर तिला. म्हटलं, एवढा मोठा माणूस खोटा आकडा देईल व्हय?"

मी जुलैच्या फेरपरीक्षेचं बोललो. दोनच विषय आहेत. मी स्वतः येऊन शिकवीन, रोज येईन. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "जुलैत सीझन असतो सर. दिवाळीचा माल तवाच शिवायला लागतो. आन् ती आता मशीनवर बसली. परवापासून. मी शब्द दिला होता तिला, दोन्ही बाजूंचा. एक बाजू मोडली तर दुसरीला काय किंमत?" पिशवीची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. प्रमाणपत्र ओट्यावर राहू दिलं. "हात बरा बसलाय तिचा. खाली न बघता चालवती."

दारापर्यंत जाऊन वळले. "धाकटीची ॲडमिशन मार्चमध्येच झालीया. नववीला. तिचं तेवढं बघा."

तिचं मी बघायचं ठरवलं. खरंच ठरवलं. पुस्तिकेतून सातवी सवय काढायला जितेश कबूल झाला, म्हणजे नव्या आवृत्तीत. जुन्या पाचशे प्रती वाटून झाल्या होत्या.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात नववीचा वर्ग सुरू झाला. सवयींचा पहिला तास माझा. स्क्रीनवर एकतीस चौकटी, सगळ्या मुली, बहुतेक उल्हासनगरच्या. प्रत्येकीच्या पाठीमागे भिंत. प्रत्येकीचा चेहरा मधोमध. कुणी हलत नव्हतं, कुणी खाली बघत नव्हतं. वर्गाची सरासरी एकाग्रता पंच्याण्णव. इतका शांत वर्ग मी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या ओळीत तिसरी चौकट स्वप्नालीची, अक्षदाच्या धाकट्या बहिणीची. तोच कोपरा, तीच भिंत. तक्त्यावर आता नवं नाव होतं.

मी बोलत होतो, त्या ऐकल्यासारख्या समोर बघत होत्या. आणि सगळ्यांचे खांदे अगदी किंचित, एका लयीत हलत होते. यंत्राला तेवढं हलणं चालतं.

"मुलींनो," मी म्हणालो, "सगळ्यांनी हात वर करा. दोन्ही. कॅमेऱ्यासमोर."

पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग एक हात आला. मग तीन. मग भराभर, चौकटीमागून चौकट. काही हात गोरे होते, काही सावळे. मनगटापर्यंत. तिथून पुढे जवळजवळ सगळे निळे. स्वप्नालीच्या उजव्या हातात कटर तसाच होता आणि डाव्या अंगठ्याला कोरी पट्टी होती.

तेवढ्यात स्क्रीनवर चांदण्या पडायला लागल्या, एकतीस चौकटींवर एकदमच. खाली अक्षरं आली : 'वर्ग सहभाग शंभर टक्के.' हॉलमधून जितेश ओरडला, "हेम सर! कसं केलंत?"

चांदण्या पडत राहिल्या. हात वरच होते. एकीनेही खाली घेतला नाही, चांगल्या सवयी लागलेल्या मुली होत्या.

शेवटी स्वप्नालीनेच माइक सुरू केला. मागून मशिनींचा आवाज आला.

"सर, हात खाली घेऊ का? पीस राहिलेत."